हातांना काम, हातांना बोली : बधिरांच्या शिक्षणाचे नेतृत्व कोणाकडे?

१

सह्याद्रीच्या घाटमाथ्याखाली उगम पावलेली अंबा नदी पालीवरून रोहे तालुक्यातील नागोठण्याला येते आणि तेथून पेण तालुक्याची पश्चिम कड धरून खाडी होते. ही धरमतरची खाडी. अलीकडे पेण, पलीकडे अलिबाग, मध्ये खारेपाट आणि मिठागरे. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून निघालेल्या आगबोटी धरमतरला लागत, आणि दक्षिण कोकणाकडे जाणारा प्रवासी येथे उतरून पुढची वाट खुष्कीने धरी. पूल आणि रस्ते झाल्यावर ही जलवाहतूक मागे पडली. धरमतरचे नाव आता गोदीसाठी आणि डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी अधिक घेतले जाते.

ज्या काळात धरमतरची आगबोट कोकणाला मुंबईशी जोडत होती, त्याच काळात, १८८५ साली, मुंबईत भारतातील पहिली बधिरांची शाळा सुरू झाली. ‘बॉम्बे इन्स्टिट्यूशन फॉर डेफ-म्यूट्स’ हे तिचे नाव. आज ती माझगावच्या नेस्बिट रोडवर आहे, आणि आजचा भाऊचा धक्काही माझगावच्याच किनाऱ्यावर आहे. म्हणजे कोकणची जलवाट आणि बधिरांच्या शिक्षणाची वाट एकाच वस्तीत येऊन मिळतात. पण पेण किंवा रोहे तालुक्यातील एखाद्या गावात ऐकू न येणारे मूल जन्माला आले, तर त्या मुलापासून शाळेपर्यंतचे अंतर केवळ खाडीचे नव्हते. तो मार्ग कायद्याचा, भाषेचा आणि समजुतीचाही होता, आणि तो अद्याप पुरता कापून झालेला नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही या मार्गाचा इतिहास एका विशिष्ट प्रश्नाच्या अंगाने पाहू इच्छितो. बधिर मुलांसाठी शाळा काढणे, शिकवणे, शिक्षक घडवणे, संस्था चालवणे हे एक आयुष्यभराचे कार्य होऊ शकते, आणि तसे ते अनेकांनी केले. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण या कार्याचे नेतृत्व दीर्घकाळ ऐकणाऱ्यांकडेच राहिले. ज्यांच्यासाठी शाळा होती, ते शाळेतून बाहेर पडले ते शिंपी, सुतार, जुळारी होऊन. शिक्षक आणि मुख्याध्यापक होऊन ते क्वचितच परतले. असे का झाले, आणि ते आता बदलू शकेल काय, हा आमचा प्रश्न आहे.

२

साहित्याच्या विद्यार्थ्याने या विषयात शिरावयाचे तर शब्दांच्या दारातून शिरणे सोयीचे. मराठीत ‘मुका’ आणि ‘बहिरा’ हे दोन शब्द जुने आहेत, आणि दोन्ही आपल्या भाषेत केवळ शारीरिक अवस्थेचे वाचक म्हणून कधीच राहिले नाहीत. जनावर ‘मुके’ असते. बाहेर जखम दिसत नाही पण आत दुखते तो ‘मुका मार’. वारंवार सांगूनही जो ऐकत नाही तो ‘ठार बहिरा’. संत एकनाथांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, मुका, बहिरा ही सोंगे येतात ती रूपके म्हणून. त्यांतील व्यंग देहाचे नसून विवेकाचे आहे. मुक्याला वाचा फुटणे हे आपल्या भक्तिपरंपरेत ईश्वरी कृपेचे प्रमाण मानले गेले. हे सर्व वाङ्मयदृष्ट्या समृद्ध आहे, पण त्याचा एक परिणाम असा झाला की प्रत्यक्ष मुका माणूस एक तर चमत्काराची वाट पाहणारा ठरला, नाही तर उपदेशासाठी वापरावयाचा दृष्टांत. त्याला स्वतःची काही भाषा असेल, हा विचार या रूपकांत कोठेच बसत नाही.

धर्मशास्त्राने या समजुतीला व्यवहाराचे रूप दिले. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्कातून वगळलेल्यांच्या यादीत जन्मांध आणि बधिर यांच्याबरोबर मूकही आहे, आणि लगेच पुढे, अशांना अन्नवस्त्र द्यावे, असेही सांगितले आहे. पोसावे, पण वाटा देऊ नये. दया आणि अधिकार यांच्यातील हे अंतर आधुनिक काळातील कित्येक संस्थांच्या कारभारातही जाणवते, म्हणून ते येथे नोंदवले. मिताक्षरा परंपरेत ही वारसबंदी १९२८ च्या कायद्याने रद्द झाली. जन्मजात वेड अथवा मतिमंदत्व वगळता केवळ शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे कोणालाही वारशातून वगळता येणार नाही, असे त्याने ठरवले. याचा अर्थ असा की माझगावची शाळा सुरू झाली त्या दिवशी तिच्यात येणारा जन्मबधिर हिंदू मुलगा शास्त्राच्या दृष्टीने बापाच्या जमिनीचा वारस नव्हता. शाळा आधी आली, आणि वाटा मागाहून, त्रेचाळीस वर्षांनी.

पुढे ‘मूकबधिर’ हा जोडशब्द शाळांच्या पाट्यांवर स्थिरावला. ऐकू येत नाही म्हणून बोलणे शिकता येत नाही, वाचेचे इंद्रिय मात्र बहुधा शाबूत असते, हे ध्यानात आल्यावर ‘मूक’ गळले आणि ‘कर्णबधिर’ आले. ‘बधिर’ म्हणजेच ज्याला ऐकू येत नाही तो, तेव्हा ‘कर्ण’ हे पद अधिकचे आहे. परंतु इंजेक्शनने हातपाय ‘बधिर’ होतात त्या अर्थापासून वेगळे राहण्यासाठी मराठीने ते पत्करले असावे. नंतर सरकारी कागदांत ‘श्रवणबाधित’ आणि ‘दिव्यांग’ आले. आज जगभरातील बधिर समाज स्वतःसाठी बधिर हाच शब्द अभिमानाने वापरतो, कारण त्याच्या लेखी ती उणीव नसून एका भाषिक समाजाची ओळख आहे. आम्हीही येथे तोच शब्द वापरीत आहोत.

शब्द किती दूरवर पोहोचतात, याचे एक उदाहरण जनगणनेत सापडते. ब्रिटिश काळातील जनगणनांत वेडे, मूकबधिर, अंध आणि कुष्ठरोगी यांची ‘व्यंगां’च्या सदराखाली मोजणी होई. स्वातंत्र्यानंतर ती थांबली. १९८१ साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय अपंग वर्षी, ती पुन्हा मर्यादित स्वरूपात झाली. योगायोगाने कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले तेही याच वर्षी. त्या जनगणनेने पूर्ण अंध, पूर्ण पांगळे आणि पूर्ण मुके मोजले, बधिर मोजलेच नाहीत. २००१ साली श्रवणाचा स्वतंत्र रकाना आला आणि देशात सुमारे साडेबारा लाख माणसे नोंदली गेली. २०११ मध्ये व्याख्या रुंदावताच हाच आकडा पन्नास लाखांच्या पुढे गेला. दहा वर्षांत एवढी माणसे बहिरी झाली नव्हती. आपण त्यांना पाहू लागलो होतो.

३

मुंबईच्या शाळेचे जन्मवर्ष १८८५ आहे, हे पुन्हा लक्षात घ्यावे लागेल. त्याआधी पाच वर्षे, सप्टेंबर १८८० मध्ये, इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिने ठराव केला की बधिर मुलांना खुणांच्या भाषेने नव्हे, तर मुखाने बोलण्याच्या पद्धतीनेच शिकवावे. १६४ प्रतिनिधींत बधिर प्रतिनिधी फक्त एक होता. ज्यांच्या भाषेचा निर्णय होत होता, त्यांचे मत विचारले गेले नाही. नंतर १८८९ साली इंग्लंडमधील राजनियुक्त आयोगाने मौखिक पद्धतीचीच शिफारस केली, आणि साम्राज्यभर तीच शास्त्रीय मानली जाऊ लागली.

वास्तविक त्यापूर्वीचा इतिहास निराळा होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये आबे द लेपे यांनी बधिर मुलांच्या खुणांनाच शिक्षणाचा पाया मानले. त्यांनी स्थापलेल्या शाळेत शिकलेले लोराँ क्लेर हे स्वतः बधिर शिक्षक थॉमस गॅलोडेट यांच्याबरोबर १८१६ साली अमेरिकेला गेले, आणि १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे शाळा सुरू झाली. अमेरिकेतील बधिर-शिक्षणाच्या आरंभी असा एक बधिर शिक्षक उभा आहे. आपल्याकडे आरंभ झाला तो मिलाननंतर. त्यामुळे आपल्या परंपरेच्या उगमाशी लोराँ क्लेर नाही.

माझगावची शाळा मुंबईचे कॅथलिक बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने निघाली, आणि टी. ए. वॉल्श यांनी मुख्याध्यापक म्हणून ती चालवली. पाठोपाठ १८९३ मध्ये कलकत्त्याची शाळा आणि त्याच दशकात दक्षिणेत तिरुनेलवेलीजवळ पालयमकोट्टै येथे फ्लॉरेन्स स्वेन्सन या मिशनरी बाईंची शाळा उभी राहिली. कलकत्त्याच्या शाळेची कहाणी आपल्या विषयाला विशेष जवळची आहे. तिचे यामिनीनाथ बॅनर्जी इंग्लंडात आणि पुढे वॉशिंग्टनच्या गॅलोडेट महाविद्यालयात प्रशिक्षण घेऊन आले. बधिरांना शिकवणे हा स्वतंत्र अभ्यासाचा, म्हणून स्वतंत्र व्यवसायाचा विषय आहे, हे भारतात प्रथम सिद्ध करणाऱ्यांत त्यांची गणना करावी लागेल. येथून पुढे या कार्याला केवळ दयाधर्म म्हणता येईना. त्याला विद्या लागते, साधना लागते, हे मान्य झाले.

या जुन्या शाळांत वर्गपाठाबरोबर शिवणकाम, सुतारकाम, छपाई, चित्रकला असे उद्योग शिकवण्याची जगभर रीत होती. त्यामागचा हिशेब सरळ होता. कान नसले तरी हात आहेत, तेव्हा हातांनी पोट भरावे. पेणसारख्या गावाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही, कारण तेथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत सगळा संसार बोटांवरच चालतो. डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराला कोणी त्याच्या कानांविषयी विचारत नाही. पण मौखिक पद्धतीच्या शाळेत एक विलक्षण विसंगती होती. सुतारशाळेत ज्या हातांचे कौतुक होई, तेच हात वर्गात बोलू लागले की गप्प बसवले जात, कित्येक ठिकाणी अक्षरशः बांधून ठेवले जात. हाताला काम दिले आणि हाताची बोली नाकारली. या एका वाक्यात, आमच्या मते, शतकभराच्या बधिर-शिक्षणाचा सारांश येतो.

४

तथापि मौखिक पद्धतीच्या शिक्षकांना दुष्ट ठरवणे सोपे असले तरी न्याय्य नाही. त्यांचे परिश्रम पाहिले की मान लववावीशी वाटते. आरशापुढे मुलाला बसवून जिभेची जागा दाखवायची, कागदाची पट्टी ओठांपुढे धरून ‘प’ आणि ‘फ’ यांच्या श्वासातला फरक समजावायचा, मुलाचा हात आपल्या गळ्यावर आणि नंतर त्याच्या गळ्यावर ठेवून ‘क’ आणि ‘ग’ यांतील कंप ओळखायला शिकवायचे. एका व्यंजनासाठी आठवडे जात. मुलाने प्रथम ‘आई’ म्हटले की घरी जो आनंद होई, त्याची किंमत कोणत्याही सिद्धान्ताने कमी करता येणार नाही.

परंतु भाषेच्या अभ्यासकाने थोडा विचार केला तर पद्धतीची मर्यादा तत्काळ ध्यानात येईल. वाचकांनी आरशासमोर उभे राहून आवाज न काढता ‘माळ’, ‘बाळ’, ‘पाळ’, ‘भाळ’ हे चार शब्द उच्चारून पाहावेत. ओठांवर चारही एकच आहेत. ‘काय’ आणि ‘गाय’ यांतील भेद गळ्यात आहे, तो समोरच्याला दिसत नाही. ‘ट’ आणि ‘त’, ‘ण’ आणि ‘न’ हे भेद तोंडाच्या आत घडतात. मराठीची वर्णमाला उच्चारस्थानांवर रचलेली आहे, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे, पण त्या स्थानांपैकी बाहेरून धड दिसते ते एकच, ओष्ठ. ओठ वाचणाऱ्या मुलाला पाच वर्गांच्या वर्णमालेतला एक वर्ग तेवढा दिसतो, बाकीचे चार त्याने संदर्भावरून ओळखायचे. आणि संदर्भ ओळखण्यासाठी भाषा आधी यावी लागते. जी भाषा शिकायची, तीच शिकण्याचे साधन म्हणून गृहीत धरलेली, असा हा पेच आहे.

खारेपाटातील मुलाच्या बाबतीत त्यात आणखी एक गाठ पडते. आगरी बोलीत सामान्यतः ‘ळ’च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. घरी ‘डोला’, शाळेत ‘डोळा’. ऐकणारे मूल ही दोन रूपे सहज पेलते, कारण त्याने दोन्ही हजार वेळा ऐकलेली असतात. बधिर मुलाला ‘डोळा’ एकदा पदरात पाडून घेण्यासाठी महिने खर्चावे लागतात, आणि सुट्टीत घरी गेल्यावर आईच्या मुखी भलतेच रूप आढळते. त्यातून सामान्यरूपे, तीन लिंगे, विभक्तिप्रत्यय. ‘घर’चे ‘घराला’ का होते, हे आपण कधी शिकलो ते आपल्यालाही आठवत नाही. त्याला मात्र ते नियमाने शिकावे लागते.

याच्या उलट खुणांची भाषा डोळ्यांना संपूर्ण दिसते. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे मराठीचे वा हिंदीचे हातांनी केलेले भाषांतर नव्हे. तिचे व्याकरण तिचे स्वतःचे आहे. प्रश्नवाचक खूण वाक्याच्या अखेरीस येते. भुवया, मान, चेहरा यांच्या हालचाली नुसती भावना दाखवत नाहीत, त्या व्याकरणाचे काम करतात. अवकाशातील जागा सर्वनामांसारख्या वापरल्या जातात. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मदन वसिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगलोर येथील खुणा गोळा केल्या, तेव्हा या चार शहरांच्या शब्दसंग्रहाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग समान आढळला. ज्या देशात चार शहरांच्या चार बोलभाषा एकमेकींना कळत नाहीत, तेथे बधिरांनी शाळांच्या बंदीला न जुमानता एक देशव्यापी भाषा घडवली होती. ती वर्गात घडली नाही. वसतिगृहात, खेळाच्या मैदानावर, दिवे मालवण्यापूर्वीच्या तासाभरात घडली. आणि मदन वसिष्ठ हे स्वतः लहानपणी बहिरे झालेले, पुढे गॅलोडेटमध्ये शिकलेले अभ्यासक होते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. मुंबईच्या मुलांच्या हातांवरील शब्द अभ्यासाच्या कक्षेत आणण्यासाठी एक बधिर विद्वान यावा लागला.

५

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात बधिरांच्या शाळा शहरांबाहेर पोहोचू लागल्या. जिल्ह्याच्या ठिकाणी, कोठे तालुक्याच्या गावी, स्थानिक डॉक्टर, वकील, शिक्षक, पालक यांनी मंडळे स्थापून शाळा काढल्या. एखाद्या भाड्याच्या खोलीत चार मुलांनिशी आरंभ, अनुदानासाठी मंत्रालयाच्या खेपा, गावोगाव फिरून मुले गोळा करणे, ‘याला शिकवून काय होणार’ म्हणणाऱ्या आजोबांची समजूत घालणे, असा त्या कार्याचा साधारण क्रम असतो. मुख्याध्यापिकेला एकाच वेळी शिक्षिका, वसतिगृहाची आई, हिशेबनीस आणि यंत्रदुरुस्तीची कारागीर व्हावे लागते, कारण श्रवणयंत्राचा सेल संपला की पाठ थांबतो. या कार्यकर्त्यांची चरित्रे मराठीत फारशी लिहिली गेलेली नाहीत. आपल्या चरित्रवाङ्मयाने राजकारणी, नट आणि लेखक यांच्यावर जेवढी शाई खर्च केली, तिच्या शतांशानेही या आयुष्यांची दखल घेतलेली नाही.

या पिढीतील एक नाव येथे अवश्य घेतले पाहिजे, ते बेरोज वाच्छा यांचे. बधिरांच्या शिक्षिका असलेल्या वाच्छाबाईंनी १९७७ साली मुंबईत बधिर आणि बधिरांध मुलांसाठी हेलन केलर यांच्या नावाने संस्था सुरू केली. हेलन केलर स्वतः १९५५ साली भारतात येऊन गेल्या होत्या. त्या गौरवाने भारलेल्या देशात, ज्या मुलांना ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही त्यांच्यासाठी शाळा उघडण्यास मात्र आणखी बावीस वर्षे लागली. तोवर अशा मुलाला अंधशाळा बधिर म्हणून आणि बधिरशाळा अंध म्हणून नाकारू शकत होती. वाच्छाबाईंच्या कार्याचे महत्त्व आम्हांला येथे दिसते. बधिरांध मुलाशी बोलावयाचे तर आरसा उपयोगी नाही आणि ओठही नाहीत. त्याच्या तळहातावर आपली बोटे ठेवावी लागतात. जी बोटे मौखिक शाळेने गप्प बसवली होती, त्यांच्याखेरीज येथे संवादाला दुसरा मार्गच नव्हता. सर्वांत अवघड मुलापासून आरंभ केल्यामुळे ही शाळा भाषेच्या मूळ प्रश्नापाशी पोहोचली. भाषा कोणत्या इंद्रियातून आत येते हे गौण आहे, ती आत आली पाहिजे हे मुख्य.

१९८३ साली वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि शिक्षक-प्रशिक्षण, श्रवणतपासणी, संशोधन यांना एक केंद्र मिळाले. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने या व्यवसायाला पात्रतेची आणि नोंदणीची चौकट दिली. चौकट आवश्यक होती, पण तिचा एक दुष्परिणामही झाला. शिक्षक होण्यासाठी बारावी, पदविका, पदवी अशी शिडी ठरली, आणि ज्या मुलांना भाषेविनाच शाळेत बसवले गेले होते, ती मुले या शिडीच्या पहिल्या पायरीपर्यंतच क्वचित पोहोचत. ज्याची मातृभाषाच खुणांची आहे, तो बधिर तरुण खुणांच्या भाषेचा शिक्षक होण्यास अपात्र, आणि जिला एकही खूण येत नाही अशी पदवीधर पात्र, अशी स्थिती कित्येक वर्षे होती.

६

या कोंडीतून वाट निघू लागली ती एकविसाव्या शतकाच्या आरंभी. २००१ साली अली यावर जंग संस्थेत सांकेतिक भाषेचा विभाग सुरू झाला. म्हणजे ज्या मुंबईने १८८५ मध्ये बधिरांना बोलायला शिकवण्यास आरंभ केला, तिनेच सव्वाशे वर्षे पुरी होण्याच्या आत ऐकणाऱ्यांना बधिरांची भाषा शिकवण्यास आरंभ केला. २००७ मध्ये भारताने अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. २०१० साली व्हँकुव्हर येथे भरलेल्या बधिर-शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव जाहीरपणे नाकारले आणि त्यांतून झालेल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला. तो खेद यायला एकशेतीस वर्षे लागली. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, आणि २०१८ मध्ये तीन हजार शब्दांनी सुरू झालेला त्याचा कोश २०२१ पर्यंत दहा हजारांवर गेला. बधिर उमेदवारांसाठी सांकेतिक भाषा शिकवण्याची स्वतंत्र पदविकाही निघाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही भाषा देशभर प्रमाणित करून तिच्यात अभ्यास-साहित्य तयार करण्याचे ठरवले.

यापेक्षाही आम्हांला महत्त्वाचे वाटते ते २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे सतरावे कलम. शासनाने सांकेतिक भाषेत आणि ब्रेलमध्ये पात्र असलेले शिक्षक घडवावेत आणि नेमावेत, आणि त्यांत दिव्यांग शिक्षकांचाही समावेश असावा, असे ते सांगते. म्हणजे बधिर व्यक्ती वर्गात केवळ बाकावर नव्हे, तर टेबलामागेही असावी, हे प्रथमच कायद्याच्या भाषेत आले.

हे का महत्त्वाचे? काहींना वाटेल की शिक्षक कुशल असला म्हणजे झाले, त्याला ऐकू येते की नाही याला काय महत्त्व? अमेरिकेतील एक प्रसंग याचे उत्तर देतो. गॅलोडेट ही बधिरांसाठी १८६४ साली महाविद्यालय झालेली संस्था. १९८८ च्या मार्चमध्ये तिच्या विश्वस्तांनी पुन्हा एकदा ऐकणारी व्यक्ती अध्यक्ष म्हणून निवडली, तेव्हा विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडले, आणि आठवडाभरात किंग जॉर्डन हे पहिले बधिर अध्यक्ष झाले. एकशेचोवीस वर्षे बधिरांना शिकवणाऱ्या संस्थेला आपल्याच पदवीधरांत नेता दिसत नसेल, तर ती आपल्या शिक्षणाविषयी काय सांगत होती? ज्या शाळेतून शाळेचा नेता निपजत नाही, तिने आपल्या विद्यार्थ्यांना नेहमीसाठी विद्यार्थीच ठेवले, असा त्याचा अर्थ होतो.

मराठी वाचकाला हे समजण्यासाठी वॉशिंग्टनपर्यंत जाण्याचे कारण नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला. ‘मूक’ या शब्दाच्या जुन्या रूपकाचा असा उपयोग मराठीत त्यापूर्वी झाला नव्हता. तोवर मूक म्हणजे दुसऱ्याने ज्याच्यासाठी बोलावे तो. आंबेडकरांनी दाखवले की मूक ठरवलेल्यांचा नायक त्यांच्यातूनच येतो, आणि तो आला की ते मूक राहत नाहीत. कदाचित ते कधी मूक नव्हतेच, त्यांची भाषा ऐकून घेतली जात नव्हती एवढेच. बधिरांच्या बाबतीत हे रूपक पुन्हा आपल्या मूळ अर्थावर येऊन उभे राहते.

७

चित्र पुष्कळ बदलले आहे आणि गुंतागुंतीचेही झाले आहे. नवजात बालकांची श्रवणतपासणी, उत्तम श्रवणयंत्रे आणि कॉक्लिअर इम्प्लांट यांमुळे काही मुले बोलभाषेच्या जगात लवकर आणि चांगली रुळतात. हे स्वागतार्हच आहे. परंतु शस्त्रक्रिया झाली म्हणजे भाषा आली असे होत नाही. तिच्यामागे वर्षानुवर्षांची श्रवणसाधना लागते, आणि तालुक्याच्या गावापासून त्या सोयी दूर असतात. यंत्र की खूण, असा वाद घालण्यापेक्षा मुलाच्या पहिल्या पाच वर्षांत कोणत्या ना कोणत्या मार्गाने एक संपूर्ण भाषा त्याच्यापर्यंत पोहोचते की नाही, हे पाहणे अधिक शहाणपणाचे. पेणमधील आईला आपल्या दोन वर्षांच्या मुलाशी बोलण्यासाठी चाळीस-पन्नास खुणा कोणी घरी येऊन शिकवल्या, आणि शिकवणारी व्यक्ती स्वतः बधिर असली, तर त्या आईला आणखी एक गोष्ट न सांगता कळते : मोठे झाल्यावर आपले मूल असेही होऊ शकते.

आता साहित्याच्या अध्यापकांना उद्देशून थोडे लिहून हा लेख पुरा करतो. त्याच सतराव्या कलमात दिव्यांग विद्यार्थ्यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद आहे. ती दयाळूपणाने केलेली आहे, आणि अनेक मुलांना तिचा आधारही वाटतो. पण तिचा दुसरा अर्थ असा की बधिर विद्यार्थी आपल्या वर्गातून, कवितेच्या तासातून, सन्मानपूर्वक बाहेर पाठवला जातो. भाषा हा त्याचा अवघड विषय ठरवून आपण त्याची सुटका करतो, वस्तुतः तो दोन-तीन भाषांमध्ये जगणारा मनुष्य असतो : हातांची भाषा, लेखी मराठी आणि ओठांवरची मराठी. द्वैभाषिकता, अनुवाद, बोली आणि प्रमाणभाषा यांवर आपण एवढे परिसंवाद भरवतो. या विषयांचा त्याच्याइतका अनुभव आपल्या वर्गांत दुसऱ्या कोणाला आहे? ध्वनीशिवाय छंद असतो काय, यमकाची जागा हाताच्या आकारांची पुनरावृत्ती घेऊ शकते काय, हे प्रश्न सौंदर्यशास्त्राचे आहेत, आणि त्यांची उत्तरे त्याच्या हातांत आहेत.

म्हणून बधिर मुलांच्या शिक्षणाचे नेतृत्व हा केवळ विशेष शाळांचा प्रश्न नाही. मराठीच्या विद्यापीठीय विभागांत भारतीय सांकेतिक भाषेवर एक अभ्यासपत्रिका असावी, ती शिकवण्यास बधिर अध्यापक असावा, आणि त्याच्या शेजारी दुभाषा बसावा, या तीन गोष्टी झाल्या तर वॉल्श, बॅनर्जी, वाच्छा यांनी आयुष्ये वेचून चालवलेले कार्य त्याच्या स्वाभाविक पुढच्या पायरीवर येईल. उत्तम शिक्षकाची परीक्षा एकच असते, आपली खुर्ची घेण्याजोगा विद्यार्थी त्याने घडवला की नाही. ज्या हातांना आपण शंभर वर्षे रंधा, सुई आणि खिळे दिले, त्या हातांत आता खडूही द्यावा.